पैनगंगेच्या काठाने कोळशाकडे

कोळशाची खाण उघडण्याआधी तिच्या वरची जमीन मोजावी लागते. नुसत्या क्षेत्रफळावर हे काम भागत नाही. माती कोणत्या प्रतीची आणि किती खोल, शेत किती, पडीक किती, चराई किती, जंगल असेल तर कोणत्या झाडांचे आणि किती दाट, नाले कुठून कुठे वाहतात, पाखरे-जनावरे कोणती, या सगळ्याचा अहवाल तयार होतो. त्यावर खाणीची पर्यावरण मंजुरी ठरते, आणि वनजमीन गुंतलेली असेल तर वन मंजुरीही. महाराष्ट्रातला कोळसा नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या जिल्ह्यांत आहे, त्यामुळे ही मोजदादही तिथेच चालते. ती समजून घ्यायची तर थेट खाणीच्या काठावर जाण्यापेक्षा कोळसा नसलेल्या मुलखातून निघणे बरे. बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमापासून पैनगंगेच्या वाटेने वर्धा नदीपर्यंत गेले की दगड, माती, झाडोरा आणि सरकारी दप्तर ही चारही एकामागून एक बदलताना दिसतात.

हिवरा आश्रम हे मेहकर तालुक्यातले गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखले जाते. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात इथे पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. पंगती मोकळ्या शेतात बसतात आणि वाढप ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून होते. एरवी गाव शेतीचे. खरिपात सोयाबीन, तूर, कपाशी. रब्बीत हरभरा आणि गहू. आश्रमाच्या शिक्षणसंस्थांत कृषी महाविद्यालय असल्याने मातीचा नमुना घेणे, तिचा सामू काढणे या गोष्टी इथे नवलाच्या नाहीत. या भागात विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग पिचका दगड आणि खाली अखंड काळा फत्तर. हा फत्तर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. त्याची जाडी इथे शेकडो मीटर आहे. जवळच्या लोणारला उल्कापाताने पडलेले विवर पावणेदोन किलोमीटरहून थोडे अधिक रुंद आहे, पण तेही या दगडातच संपते, खालचे काही उघडे पाडत नाही.

कोळसा या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना. पर्मियन काळात, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी, खचलेल्या खोऱ्यांत दलदलीची जंगले गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. तो ज्या वालुकाश्मांच्या थरांत सापडतो त्यांना भूशास्त्रात बराकर म्हणतात. त्यावर कामठीचे वालुकाश्म साचले, आणि फार नंतर या सगळ्यावर लाव्ह्याचे पांघरूण आले. पश्चिमेला हे पांघरूण जाड राहिले. पूर्वेकडे ते पातळ होत गेले, नद्यांनी ते जागोजाग झिजवले आणि वर्धेच्या खोऱ्यात जुने थर पुन्हा उघडे पडले. बुलढाण्यात खाण नाही आणि वणीला आहे, याचे कारण एवढेच.

बुलढाण्याच्या टोकाला जमिनीची ओळख सातबाऱ्यावर होते. गट नंबर, लागवडीखालचे क्षेत्र आणि पोटखराबा, म्हणजे शेताचाच पण नांगराखाली न येणारा तुकडा. पोटखराब्यात नाला असतो, खडकाळ माथा असतो, पळसाचे बन असते, गवत असते. उताऱ्यावर मात्र तो एक आकडा असतो, बिनउत्पन्नाचा. गावाची मोकळी चराई वऱ्हाडात ई-क्लास म्हणून ओळखली जाते. वऱ्हाड इंग्रजी अमलात आल्यानंतर जमिनीची जी वर्गवारी झाली तिच्यातले हे अक्षर अजून लोकांच्या तोंडी आहे. ई-क्लासवर बाभूळ, बोर, हिवर, पळस, कडुनिंब अशी झाडे विखुरलेली असतात आणि त्यांच्यामध्ये कुसळी, मारवेल, पवन्या असे गवत. ऑक्टोबरात कुसळी गुडघ्याच्या वर येते आणि धोतराला चिकटते. एप्रिलमध्ये तीच जमीन तपकिरी, चरून खरवडलेली, दगड वर आलेली दिसते. पाहणी करणारा कोणत्या महिन्यात आला यावर त्या जमिनीची किंमत ठरते. ही गोष्ट पुढे खाणीच्या पट्ट्यात फार महाग पडते.

पैनगंगा उगम पावते बुलढाणा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरात मढजवळ. मेहकर तिच्याच काठी आहे. तिथून ती वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड अशी सरहद्दी आखत पूर्वेला सरकते. मेहकर ते पुसद या टप्प्यात बघण्यासारखा बदल थोडाच. इसापूरला तिच्यावर धरण आहे. त्याच्या खालच्या बाजूला उमरखेडच्या रानात साग दाटू लागतो आणि पैनगंगा अभयारण्य लागते. पलीकडच्या काठाला किनवट आणि माहूर. सहस्रकुंडाला नदी काळ्या फत्तरावरून एकदम खाली कोसळते. लाव्ह्याच्या थरांची पायरी इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसते. आर्णी-पांढरकवड्याकडे जाताना वनखात्याच्या कागदावरचे शब्द प्रत्यक्षात उतरतात: दक्षिण उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वन. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, सालई, चारोळी, बेल, खैर, खाली बांबू आणि मोकळ्या जागी रायमुनियाची दाटी. इतर ठिकाणी जिला घाणेरी म्हणतात तिला विदर्भात रायमुनिया हे गोड नाव आहे. गोड नावाने तिचा उपद्रव काही कमी होत नाही. तिच्याखाली गवत वाढत नाही.

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याने या वाटेचा एक वेगळाच नकाशा दिला आहे. २०१९च्या फेब्रुवारीत इथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात वनविभाग आणि भारतीय वन्यजीव संस्थेने रेडिओ कॉलर बसवली. त्याच वर्षी तो टिपेश्वर सोडून निघाला. तेलंगणातले आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरच्या आसपास वाटचाल झाली होती. या प्रवासात अभयारण्ये थोडी आणि शेते, नाले, ई-क्लासची पडीके, पोटखराब्यातली बने जास्त. महसुली उताऱ्यावर ज्या तुकड्यांना किंमत नाही, त्याच तुकड्यांवरून तो दिवस काढत आणि रात्री चालत आला. खाणीच्या अहवालात वन्यप्राण्यांचे प्रकरण लिहिताना प्रकल्पाभोवतीचा दहा किलोमीटरचा वर्तुळाकार पट्टा पाहायचा असतो. या वाघाने त्या वर्तुळाची मर्यादा कुठल्याही तज्ज्ञ समितीपेक्षा नीट दाखवून दिली.

वणी निर्गुडा नदीवर आहे. गावाच्या आसपास राजूर, उकणी, कोलारपिंपरी, घोन्सा, निलजई, मुंगोली या खाणी पसरल्या आहेत. त्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या, बोलीत वेकोलिच्या. १९७०च्या दशकात कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली ही कंपनी स्थापन झाली, मुख्यालय नागपूरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट मुलखात अचानक टेकड्या दिसू लागतात. वरून चपट्या, बाजूंनी पन्हळी पडलेल्या. ते डोंगर नव्हेत, खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडाचे ढिगारे आहेत. इथल्या भाषेत ओबी. खुल्या खाणीत एक टन कोळसा मिळवायला कित्येक घनमीटर ओबी उचलावी लागते, आणि तिला ठेवायलाही जमीन लागते. म्हणून खाणीची जमीन म्हणजे खड्ड्याची जमीन, असा हिशेब चुकतो. ढिगारा, रस्ते, रेल्वे सायडिंग, वसाहत, वळवलेला नाला हे सारे त्यात येते.

मोजदाद सुरू होते ती अशी. १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार कंपनी आधी अर्ज करते. मग तज्ज्ञ समिती कोणत्या बाबींचा अभ्यास करायचा याची यादी ठरवून देते. त्यानंतर पायाभूत पाहणी. खाणपट्ट्याला गाभा क्षेत्र म्हणतात आणि त्याभोवतीच्या दहा किलोमीटरला बफर. पाहणी सर्वसाधारणपणे एका ऋतूची, आणि पावसाळा सोडून. हवेची धूळ मोजायची तर पावसाळा सोडणे रास्त आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडा खोटा येतो. झाडोऱ्याच्या बाबतीत मात्र हीच अट उलटी पडते. विदर्भातले गवत, तरोट्यासारख्या एकवर्षायू वनस्पती, कंद, बांधावरच्या रानभाज्या जून ते ऑक्टोबरात उगवतात आणि संपतात. मार्च ते मे या उन्हाळी ऋतूत पाहणी केली तर सागालासुद्धा पान नसते. यादीत येतात ती झाडे आणि काटेरी झुडपे. अहवाल खोटा नसतो. त्या महिन्यात तिथे खरोखरच तेवढेच असते.

प्रत्यक्ष काम शिस्तीचे असते. आधी उपग्रहाचे चित्र. भारतीय रिसोर्ससॅट उपग्रहाचा लिस-४ कॅमेरा जमिनीवरचा ५.८ मीटरचा तुकडा वेगळा ओळखतो, म्हणजे विस्तीर्ण मोहाचे झाड चित्रात दोन-तीन ठिपक्यांचे. या चित्रांवरून जमीन वापराचे नकाशे होतात: शेती, वन, झुडुपे, पडीक, पाणी, वस्ती, खाण. वेकोलिसाठी हे काम तिच्या पालक कंपनीची, कोल इंडियाची, सीएमपीडीआय ही संस्था करते. तिचे एक प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. मातीचे वर्गीकरण करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो नागपुरात, राज्याचे सुदूर संवेदन केंद्र नागपुरात, पर्यावरण अभियांत्रिकीचे संशोधन करणारी नीरी नागपुरात. जमीन कशी मोजावी हे सांगणाऱ्या इतक्या संस्था एका शहरात जमल्या आहेत आणि मोजली जाणारी जमीन तिथून दोन-तीन तासांवर आहे.

नकाशानंतर पायी पाहणी. झाडांसाठी दहा मीटर बाय दहा मीटरची चौकट दोरीने आखतात, तिच्या आत झुडपांसाठी लहान चौकट आणि गवत-रोपांसाठी एक मीटर बाय एक मीटरची. चौकटीतल्या प्रत्येक झाडाचे नाव लिहायचे, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर फीत गुंडाळून घेर मोजायचा, उंचीचा अंदाज घ्यायचा. कोणती जात किती वेळा आली, किती दाट आली आणि तिच्या बुंध्यांनी किती जागा व्यापली, यावरून तिचे महत्त्व काढतात. पद्धत निर्दोष आहे, जगभर हीच वापरतात. पण हिशेब करून पाहावा. अशा वीस चौकटी आखल्या तर पाहिलेली जमीन होते ०.२ हेक्टर. दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ असते सुमारे ३१,४०० हेक्टरांचे. म्हणून चौकट कुठे टाकली याला महत्त्व येते. ती नाल्याकाठी टाकली तर करंज, जांभूळ, अर्जुन मिळतात. माळावर टाकली तर बोर आणि पळस. अहवालाच्या परिशिष्टात चौकटींचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ते नकाशावर लावून पाहणारा वाचक दुर्मिळ.

खाणपट्ट्यात वनजमीन असेल तर दुसरी, जास्त काटेकोर मोजणी होते. १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली (२०२३च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले) केंद्राची परवानगी दोन टप्प्यांत मिळते. इथे झाडे नमुन्याने मोजत नाहीत, एक एक मोजतात, घेराच्या गटांप्रमाणे. जंगलाची दाटी पाहतात. पानांच्या छत्राने जमिनीचा ७० टक्के किंवा अधिक भाग झाकला तर अतिदाट, ४० ते ७० टक्के मध्यम, १० ते ४० टक्के विरळ, आणि त्याखाली झुडपी. या दाटीवर आणि वनप्रकारावर निव्वळ वर्तमान मूल्य ठरते, म्हणजे ते जंगल गेल्याने समाजाचे जे नुकसान होते त्याची हेक्टरी रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाख रुपयांपर्यंत होते. पुढे ते वाढले. शिवाय तेवढ्याच बिगरवन जमिनीवर, किंवा केंद्र सरकारच्या कंपन्यांच्या बाबतीत दुप्पट निकृष्ट वनजमिनीवर, पर्यायी वनीकरण करावे लागते. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर ग्रामसभेचा ठरावही लागतो. मोहफूल आणि तेंदूपानावर ज्यांचा उन्हाळा निघतो त्यांच्यासाठी तो ठराव झाडांच्या मोजणीपेक्षा मोठा असतो. मोहाचे झाड घेरात मोजले तर इमारती लाकूड म्हणून त्याची फारशी गणती नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे त्याच्याखाली किती टोपल्या भरतात हा रकाना तक्त्यात नाही.

खासगी शेताचा मार्ग निराळा. कोळसाधारक क्षेत्रांचे संपादन १९५७च्या वेगळ्या केंद्रीय कायद्याने होते. कलम ४ची सूचना निघाली की पुढच्या वर्षांत काय होणार याची वणी-भद्रावतीच्या शेतकऱ्याला पुरती कल्पना असते; कलम ७ आणि ९ हे आकडे त्याच्या बोलण्यात व्याकरणासारखे येतात. इथे मातीची प्रत कळीची ठरते. वर्धेच्या खोऱ्यातली खोल काळी माती कपाशीची पहिल्या दर्जाची जमीन. अहवालात तिची जमीन-क्षमतेची श्रेणी लिहिलेली असते. पण मोबदला ठरताना ओलीत की कोरडवाहू, विहीर आहे का, सातबाऱ्यावर पेऱ्याची नोंद काय, हेच पाहिले जाते. बांधावरच्या सागाची, आंब्या-चिंचेची किंमत स्वतंत्र निघते; अशा झाडांच्या तोडीवर १९६४च्या राज्य कायद्याचे नियंत्रण आहे. पेरा न नोंदवलेल्या शेतकऱ्याची विहीर कोरडीच राहते, पाणी असले तरी.

वणीहून घुग्घुसकडे येताना वढा लागते. पैनगंगा इथे वर्धेला मिळते. विठ्ठलाचे देऊळ आहे, कार्तिकात यात्रा भरते. पलीकडे जुगादचे जुने शिवमंदिर. मढच्या डोंगरात उगवलेली, मेहकरच्या काळ्या फत्तरावरून वाहिलेली नदी इथे कोळशाच्या धुळीच्या हद्दीत संपते. या संगमाची दुसरी गंमत दप्तरातली आहे. वायव्येचा वणीकडचा काठ जुन्या वऱ्हाडाचा, पूर्वेचा घुग्घुस-चंद्रपूरकडचा काठ जुन्या मध्य प्रांताचा आणि नैर्ऋत्येचा कोरपना-राजुऱ्याचा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. तीन राजवटींनी तीन तऱ्हांनी जमीन नोंदवली. वऱ्हाडात ई-क्लास, मध्य प्रांतात मालगुजारी आणि निस्तार हक्क (गावकऱ्यांचा चराई-सरपणाचा हक्क), हैदराबादेत गायरान आणि कंचे. खालचा कोळशाचा थर एकच, त्यावरचे गवतही सारखेच. आजही एकाच खोऱ्यातल्या दोन खाणींच्या अहवालांत तशाच जमिनीची नावे वेगळी येतात, आणि नाव वेगळे म्हणजे मंजुरीची वाट वेगळी.

मध्य प्रांताच्या वारशातला सगळ्यात अवघड शब्द झुडपी जंगल. महसुली दप्तरात ही नोंद नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत आढळते. मूळ अर्थ झाडे विरळ, झुडपे जास्त अशी निस्ताराची जमीन. कालांतराने तिच्यावर शाळा झाल्या, दवाखाने झाले, घरे झाली, कुठे खाणीचे रस्तेही. १२ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने वन शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यावा असे सांगितले आणि प्रश्न उभा राहिला: ही जमीन वन की महसूल? त्याचा निकाल लागायला २२ मे २०२५ उजाडले. सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल वनजमीन मानावे, असे न्यायालयाने ठरवले. १९९६च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनी नियमित करण्याची वाट मोकळी ठेवली. मध्ये जवळजवळ तीन दशके गेली. तेवढ्या काळात एकाच तुकड्याला एका अहवालात पडीक आणि दुसऱ्यात वन म्हणण्याची सोय होती.

घुग्घुसच्या खाणी जुन्या. वरोऱ्याची तर त्याहून प्रसिद्ध, एकोणिसाव्या शतकात सुरू होऊन १९०६ साली बंद पडलेली. इतक्या दीर्घ खाणकामामुळे इथल्या पाहणीत एक अडचण मुळातच असते. घुग्घुसभोवती दहा किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्यात इतर खाणी येतात, सिमेंटचे कारखाने येतात, कोळशाच्या ट्रकांचे रस्ते येतात. पायाभूत स्थिती म्हणून जे नोंदवले जाते ते आधीच बिघडलेले असते. पानांवर धुळीचा थर, नाल्याच्या पात्रात कोळशाचा गाळ, माळावर विलायती बाभूळ. नवीन खाणीने होणारी हानी या बिघडलेल्या स्थितीच्या तुलनेत मोजली की ती लहान दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली प्रदूषणाचा सर्वंकष निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले, देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत ते गेले आणि काही काळ नव्या प्रकल्पांना बंदी आली. एकेका खाणीच्या स्वतंत्र अहवालातून न दिसलेले चित्र सगळ्यांची बेरीज केल्यावर दिसले.

त्याच वर्षी चंद्रपूरने आणखी एक प्रकरण पाहिले. ताडोबाच्या दक्षिणेला लोहारा इथे अदानी समूहाला कोळशाचे पट्टे मिळाले होते, तिरोड्याच्या वीजप्रकल्पासाठी. जमीन बहुतांशी जंगलाची. चंद्रपुरात इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले, शहर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या काळात अभ्यासाची मुळातली परवानगीच मागे घेण्यात आली. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाशी असलेली जवळीक आणि वाघांचा संचारमार्ग ही कारणे होती. चिमूरजवळच्या बंदर नावाच्या कोळसा पट्ट्याचेही असेच झाले: २०२०च्या लिलावाच्या यादीत तो आला आणि विरोधानंतर वगळला गेला. या दोन्ही ठिकाणी निर्णय चौकटींच्या मोजणीने झालेला नाही. नकाशावर खाण आणि व्याघ्र प्रकल्प शेजारी दिसले, तेवढे पुरले. मधल्या काळात कोळसा आणि पर्यावरण मंत्रालयांनी देशातल्या नऊ कोळसाक्षेत्रांची, त्यांत वर्धा खोऱ्याचीही, वनाच्छादनावरून विभागणी करून पाहिली. एकूण वनाच्छादन ३० टक्क्यांहून जास्त आणि दाटीचा भार धरून १० टक्क्यांहून जास्त असेल तिथे खाण नको, असा निकष होता. मोजणी अर्ज येण्याआधी करायची ही कल्पना चांगली होती. दोन वर्षांत ती गुंडाळली गेली.

खाण संपल्यावरची जमीनही मोजली जाते. वरची काळी माती आधी वेगळी काढून ठेवायची, खड्डा ओबीने भरायचा, त्यावर ती माती पसरून झाडे लावायची, असा नियम आहे. खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी खुल्या खाणीला हेक्टरी सहा लाख रुपये या पायावर रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे सूत्र २००९मध्ये ठरले होते. मोठ्या खाणींच्या पुनर्भरणाची उपग्रहाकडून दरवर्षी आणि लहानांची तीन वर्षांनी तपासणी होते. उपग्रहाला ढिगाऱ्यावर हिरवे दिसते आणि तक्त्यात वृक्षलागवडीचे हेक्टर वाढतात. जवळ जाऊन पाहिले तर ते हिरवे पुष्कळदा सुबाभूळ आणि विलायती बाभळीचे असते. ओबीच्या रेताड मातीत नत्र नाही, सेंद्रिय द्रव्य नाही, पाणी धरण्याची ताकद नाही. नीरीने नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीवर साखर कारखान्याची मळी आणि उपयुक्त जिवाणू-बुरशी मिसळून असे ढिगारे खरेच जंगलयोग्य करून दाखवले आहेत. म्हणजे वाट माहीत आहे, खर्चाची तयारी हवी.

चंद्रपूरच्या दुर्गापूर-पद्मापूर भागात या लागवडीने कोणी न मोजलेले फळ दिले. ढिगारे आणि औष्णिक वीज केंद्राचा परिसर बाभळीने दाट झाला, रानडुकरे आली, त्यांच्यामागे बिबटे आणि वाघ आले. २०२२च्या आसपास तिथे माणसांवर हल्ले झाले आणि वस्तीलगतची झुडपे तोडण्याची मागणी होऊ लागली. मंजुरीच्या वेळी खाणीच्या गाभ्यात वाघ नाही असे लिहिणे बरोबर होते. पंचवीस-तीस वर्षांनी तो तिथे राहायला आला. वनस्पतींची यादी एकदाच करायची असते, ही समजूत चंद्रपूरने खोटी ठरवली आहे.

हे अहवाल गुप्त नसतात. जनसुनावणीआधी किमान ३० दिवस सूचना द्यावी लागते. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात पाहायला मिळतो आणि त्याचा सारांश मराठीत असतो. काही विस्तार प्रकल्पांना मात्र सुनावणीतून सूट मिळते. वणी, कोरपना, भद्रावती, राजुरा या तालुक्यांतल्या वाचकाने तो मसुदा उघडून तीन गोष्टी आधी शोधाव्यात: पाहणी कोणत्या महिन्यांत झाली, चौकटी कुठे टाकल्या, आणि आपल्या गावची चराई कोणत्या नावाखाली दाखवली आहे. हरकत लेखीही देता येते आणि ती इतिवृत्तात घ्यावीच लागते. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. गावातून कोणीच गेले नाही तरी ती पार पडते.